धबधबा आटल्यावर ये

जव्हार,
ज्येष्ठ महिना

प्रिय भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कॉलेजच्या निसर्ग मंडळाने यंदाच्या भटकंतीची सगळी जबाबदारी तुझ्यावर सोपवली, हे वाचून फार आनंद झाला. जुलैअखेरचा शनिवार-रविवार धरून पंचवीसजण येणार, दाभोसा आणि काळमांडवी हे धबधबे बघणार, रविवारी सकाळी कुठेतरी झाडं लावणार आणि संध्याकाळी कसाऱ्याहून लोकल पकडणार, असा बेत तू कळवलास. वर विचारलंस, “मावशी, यात काही राहिलंय का?” राहिलंय ते बरंच आहे, म्हणून हे पत्र लांबणार. सवडीने वाच आणि मंडळातल्या बाकीच्यांनाही वाचून दाखव.

दाभोसा बघू नका असं मी कधीच म्हणणार नाही. लेंडी नदी तिथे सुमारे ३०० फुटांवरून सरळ खाली झेपावते. ऐन पावसात लांब उभं राहिलं तरी तुषारांनी अंग भिजतं आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. तुमच्या वयात हे बघायलाच हवं. पण लांबून. काळमांडवीला जुलै २०२० मध्ये पाच तरुण बुडाले. ती लांबून आलेली, पाऊस न पाहिलेली मुलं नव्हती, जव्हारचीच होती. सगळं गाव त्या दिवशी सुन्न झालं होतं. इथले डोह वरून शांत दिसतात, आत कपारी असतात, भोवरे असतात. वरच्या डोंगरात मोठी सर आली की खाली ऊन असतानाही पाणी बघता बघता चढतं. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं ते उगाच नाही. कुठे बंदी आहे ते आधी विचारून घ्या. पाण्यात कुणी उतरायचं नाही, आणि जो उतरेल तो पुढच्या खेपेला येणार नाही, हे निघण्यापूर्वी सगळ्यांना स्वच्छ सांग. मंडळाची प्रमुख म्हणून तुला थोडं कठोर व्हावं लागेल, त्याला इलाज नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. तुम्ही ज्याचे फोटो काढता तो धबधबा म्हणजे इथल्या माणसांच्या हातून निसटून चाललेलं पाणी आहे. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या तिपटीहून जास्त. पण खाली सगळा काळा कातळ, उतार तीव्र, आणि वरचा मातीचा थर पातळ. पाणी मुरायला ना जागा मिळते ना वेळ. लेंडी आणि वाघ नदी ते दमणगंगेत नेऊन घालतात, पिंजाळ वैतरणेला देते. दिवाळी सरली की ओढे बारीक होतात, होळीच्या सुमारास विहिरीचा तळ दिसायला लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. मी आश्रमशाळेत शिकवत होते तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर मुलींची हजेरी घसरायची. कारण विचारावं लागत नसे. आईबरोबर हंडा घेऊन ओढ्यात खणलेल्या खड्ड्याशी बसायचं आणि झिरपेल तसं वाटीवाटीने भरायचं, हे काम बहुतेक घरांत मुलीच्याच वाट्याला यायचं.

आणि तू मुलुंडला नळ उघडतेस तेव्हा काय येतं, ते एकदा मंडळात सांग. वैतरणा नदीवर वरून खाली तीन धरणं आहेत. सर्वांत वर ऊर्ध्व वैतरणा, सर्वांत खाली १९५७ सालचं मोडकसागर, आणि त्या दोहोंच्या मध्ये मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेने बांधलेलं मध्य वैतरणा. १०२ मीटर उंचीचं ते धरण २०१४ मध्ये लोकार्पण झालं आणि त्यातून मुंबईला दिवसाला ४५.५ कोटी लिटर पाणी मिळतं. ज्या तालुक्यात ते पाणी अडलं त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरवर असतात. तुम्हा मुलांना अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मुंबईला पाणी हवंच. पण इथे येणारा मुंबईकर हा केवळ पाहुणा नाही, त्याचं या डोंगराशी रोजचं नातं आहे, एवढं त्याला ठाऊक असावं. ते ठाऊक असलं की श्रमदान हा शब्द उच्चारताना छाती फुगत नाही. आपण थोडीशी परतफेड करतोय, एवढंच वाटतं.

म्हणून माझी पहिली सूचना ही की तुमच्या मंडळाची मोठी सहल जुलैतून काढून नोव्हेंबरात टाक.

का, ते सांगते. भाताची कापणी आणि झोडणी उरकते, नागली-वरई घरात येते, ओढ्याला अजून धार असते, आणि दिवाळीनंतर लगेचच कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. ओढा अडवायचा तर धार चालू असतानाच अडवावा लागतो. म्हणजे शेतातून मोकळं होणं आणि गाव सोडणं यांच्या मधले मोजके दिवसच हाती असतात, आणि नेमके तेव्हाच गावात हात कमी पडायला लागतात. तुमची दिवाळीची सुट्टी याच दिवसांत येते. असा मेळ पुन्हा वर्षभरात बसत नाही.

वनराई बंधारा तू पाहिला नसशील. मोहन धारियांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘वनराई’ संस्था काढली, तिच्यामुळे हे नाव सगळ्या महाराष्ट्रात रूढ झालं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची आणि त्या ओढ्यात आडव्या रचून पाणी अडवायचं. ऐकायला सोपं, पण त्यात कसब आहे. जागा अशी हवी की जिथे दोन्ही काठ उंच आणि पक्के आहेत, पात्र अरुंद आहे, आणि वरच्या अंगाला उतार कमी आहे, म्हणजे थोड्या उंचीत पाणी लांबवर साठतं. तळातली सुटी वाळू आणि गोटे आधी बाजूला काढायचे, नाहीतर खालूनच पाणी निसटतं. गोणी पाऊणच भरायची. भरगच्च भरली की ती गोल होते, एकीवर दुसरी नीट बसत नाही. तोंड दाभण-सुतळीने शिवायचं. भिंत बांधताना गवंडी जसा विटेचा सांधा सांध्यावर येऊ देत नाही, तशीच गोणी रचायची. पाया रुंद, वर निमुळतं. दोन ओळी रचून मधल्या पोकळीत चिकणमाती पायांनी तुडवून भरायची, आणि मध्यभागी एक-दोन थर कमी ठेवून जादा पाण्याला वाट द्यायची. माती बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची घेतली तर साठ्याला तेवढीच जागा वाढते. लहानशा ओहोळालाही शेदोनशे गोण्या सहज लागतात. पंचवीस मुलं आणि पाड्यावरची दहा-बारा माणसं साखळी करून उभी राहिली तर एका दिवसात एक बंधारा पुरा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. पाणी मागे कुठवर चढलंय ते बघताना तुमच्यापैकी कुणालाही झोप अपुरी झाल्याचं आठवणार नाही.

एवढ्याने टंचाई संपते का? नाही. मार्चपर्यंत, फार तर एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ते पाणी पुरतं. पण तेवढे दिवस गुरांना दूर न्यावं लागत नाही, कपडे धुण्याची सोय होते, खालच्या अंगाची विहीर थोडी उशिरा तळ गाठते, कुणाच्या परसात वाल-मिरची होते. जव्हारच्या बाजूला बायफ संस्थेच्या वाडी प्रकल्पामुळे पुष्कळ घरांनी आंबा-काजू लावले, मोगरा लावला. त्या रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी मिळालं तर झाड जगतं आणि वीटभट्टीवर जाणारी एखादी जोडी घरी थांबते. बंधाऱ्याचं मोल मी या हिशेबाने करते. भूपतगडावर गेलात तर माथ्यावरची पाण्याची टाकी जरूर बघा. पडलेलं पाणी खाली जाऊ द्यायचं नाही, हे गड राखणाऱ्यांनाही कळत होतं.

एक गोष्ट मात्र बहुतेक मंडळं विसरतात. सिमेंटच्या गोण्या हल्ली प्लास्टिकच्या धाग्यांच्या असतात. उन्हाने त्यांचा भुगा होतो आणि पहिल्या पुराबरोबर ते धागे नदीत, शेतात, गुरांच्या पोटात जातात. पर्यावरणासाठी आलेल्यांनी ओढ्यात प्लास्टिक सोडून जावं, हे मला पटत नाही. तेव्हा मे महिन्यात दहा जणांनी परत यायचं, गोण्या फाडून माती काठावर टाकायची आणि रिकाम्या गोण्या गोळा करून न्यायच्या. हे काम उन्हाचं आहे, त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. पण नोव्हेंबरात येणाऱ्यांतले किती जण मे महिन्यात येतात, यावरून मी मंडळ ओळखते.

आता परवानगीचं. तू लिहिलंस, “गावाला सांगूनच करू.” सांगून नाही, विचारून. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला पाणी-जंगलाच्या बाबतीत मोठा अधिकार दिला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कितीतरी गावांनी सामूहिक वनहक्क मिळवले, ‘वयम्’ चळवळीने त्यासाठी या भागात वर्षानुवर्षं लोकांबरोबर बसून काम केलं. गावाने आपल्या जंगलाचे नियम स्वतः ठरवलेले असतात: कुठे चराई बंद, कुठून लाकूड आणायचं नाही, राखणीला कोणी कधी जायचं. तुम्ही ‘मोकळं रान’ समजून ज्या टेकडीवर खड्डे खणायला घ्याल, ती कुणीतरी चार वर्षं राखून पुन्हा हिरवी करत आणलेली असू शकते. ग्रामसभा वर्षातून चार ठरलेल्या दिवशी तरी भरतेच: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पंधरा ऑगस्टच्या सभेत तू येऊन मागे बस, तुझी वेळ आली की उभी राहा आणि विचार, की आमचे पंचवीस जोड हात आहेत, तुम्हाला कुठे उपयोगी पडतील? मग ऐक. बायका सभेत लगेच बोलणार नाहीत. सभा संपल्यावर त्यांच्याबरोबर विहिरीपर्यंत चालत जा, खरं तिथे कळेल.

याच्याशी जोडलेला एक अवघड प्रश्न आहे आणि त्यावर मंडळात चर्चा व्हायला हवी. पोरी, तुम्ही फुकट जे करता ते कुणाची मजुरी तर नाही ना? महाराष्ट्राने सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी केली, देशाने २००५ मध्ये तसा कायदा केला. समतल चर, दगडी बांध, शेततळं ही कामं त्या योजनेतून निघाली तर इथल्या माणसाला गावातच मजुरी मिळते आणि स्थलांतर टळतं. ती कामं तुम्ही हौसेने उरकून गेलात तर उपकार कसले? म्हणून कच्चा बंधारा, गोण्या काढणं, वणव्यासाठी पट्टा झाडणं असली कामं घ्या, जी एरवीही गाव श्रमदानानेच करतं. आणि वाट दाखवायला जो माणूस येईल त्याला गवंड्याइतकी दिवसाची मजुरी द्या. जेवण बचत गटाच्या बायकांकडून पैसे देऊन घ्या, आणि भाव करू नका.

इथे बरीच वर्षं मुळं धरून राहिलेल्या संस्था आहेत. प्रगती प्रतिष्ठान १९७२ पासून जव्हारला आहे. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाने सुरू केलेली ‘आरोहन’ २००६ पासून मोखाड्यात पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर काम करते. पहिल्या वर्षी अशा कुणाचं बोट धरून चला. नव्याने सगळं शोधून काढायची गरज नाही.

यावरून माझी दुसरी सूचना: एकच पाडा धरा. दरवर्षी नवं ठिकाण हे मंडळांचं वेड मला समजतं, तरुण पायांना नवी वाट हवी असते. नव्या वाटा जरूर चाला, सूर्यमाळला जा, देवबांधचा गणपती करा. पण काम एका पाड्यावर. एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आमच्या शाळेजवळच्या पाड्यावर सात दिवसांच्या शिबिराला यायची. पहिल्या वर्षी गावाने त्यांना रस्त्याकडेची जागा दाखवली, सोयीची, सगळ्यांच्या नजरेसमोरची. त्यांनी मन लावून काम केलं. दुसऱ्या वर्षी तीच मुलं परत आल्याचं लोकांना नवल वाटलं. तिसऱ्या वर्षी दोन म्हाताऱ्या त्यांना जंगलातून खाली एका झऱ्याशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, हा दगड ढासळलाय, हा बसवून द्या, आमचा पाय घसरतो. त्या झऱ्यावर अर्ध्या पाड्याचं उन्हाळ्याचं पाणी अवलंबून होतं. पहिल्या वर्षी पाहुण्याला कुणी अडचण सांगत नाही. ती सांगावीशी वाटायला पुन्हा पुन्हा यावं लागतं.

झाडं लावण्याविषयी थोडं. पावसात भटकताना बियांचे गोळे फेकत जायची जी पद्धत पडली आहे, ती मला आवडत नाही. कसलं बी, कुठल्या मातीत, कुणी राखायचं, याचा काही विचार नसतो. गुलमोहर-सुबाभूळ तर इथे आणूच नका. या डोंगरांवर साग, ऐन, मोह, खैर, हिरडा, बेहडा आपल्या मुळांतून जिवंत आहेत. तोडलेल्या बुंध्यांना दरवर्षी धुमारे फुटतात. त्यांना आग आणि चराई यांपासून चार-पाच वर्षं वाचवलं तर नवीन रोप लावायची गरजच पडत नाही. म्हणून फेब्रुवारीतली एक खेप वणव्यासाठी ठेवा. पानगळ झालेली असते, तेव्हा वाटेच्या आणि बांधाच्या कडेने सुकलेला पाला ओढून रुंद पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आग तिथे थांबते. मोहाचा हंगाम आला की फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून कधीकधी आग पसरते. यावर भाषण देऊ नका. मोहफुलं हे त्या घराचं उत्पन्न आहे. खराटे घेऊन या, पहाटे झाडाखाली त्यांच्याबरोबर पाला झाडा, आणि मग फुलं वेचू लागा. वास डोक्यात भिनेल तुमच्या.

जुलैत यायचंच असेल तर थोडेजण या आणि आवणीला या. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावताना पाठीचं काय होतं ते कळेल, आणि ताटातल्या भाताकडे बघण्याची नजर बदलेल. तुम्ही हळू लावणार, ओळी वाकड्या जाणार, घरची माणसं हसतील आणि शिकवतील. दुपारी रानभाजी खायला मिळेल. जूनच्या पहिल्या सरींना शेवळं येतात, पुढे लोत, कुर्डू, टाकळा, कंटोळी. पण स्वतः काही तोडून तोंडात घालायचं नाही. शेवळं काकडाच्या आंबट फळांशिवाय शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. कुठल्या कंदाला किती उकळ्या, कुठला पाला कोवळा असतानाच खायचा, हे ज्ञान इथल्या बायकांकडे आहे आणि ते कुठल्याही पदवीपेक्षा कमी नाही. वही घेऊन बस त्यांच्यापाशी. मारुती चितमपल्लींनी मराठीला जंगलाचे इतके शब्द दिले, ते वनाधिकारी म्हणून फिरताना रानातल्या माणसांशी बोलून, त्यांचं ऐकून गोळा केले होते.

हिवाळ्यात पक्ष्यांसाठी या, पण पंचवीस नको, सात-आठ पुरे. तुला वनपिंगळ्याची गोष्ट माहीत आहे का? छोटं घुबड, दिवसाही फिरणारं. १८८४ नंतर ते कुणाला सापडलं नाही, नामशेष झालं असं समजलं जात होतं. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसलं, ११३ वर्षांनी. आणि २०१४ मध्ये ते तानसा अभयारण्यात आढळलं, म्हणजे मोखाडा तालुक्यातल्या आमच्या खोडाळ्यापासून जवळच. मुंबईच्या इतक्या शेजारी ते होतं आणि कुणाला माहीत नव्हतं! शांत बसणाऱ्यालाच असलं काही सापडतं. म्हणून स्पीकर आणायचा नाही, आणि पक्षी समोर यावा म्हणून मोबाइलवर त्याची ध्वनिमुद्रित साद वाजवायची नाही. विणीच्या दिवसांत पक्षी त्या आवाजाने सैरभैर होतो.

आता माणसांशी वागण्याचं. वावर-वांगणीचं नाव तू ऐकलं असशील. १९९२-९३ च्या सुमारास तिथल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी जव्हार तालुका देशभरच्या वर्तमानपत्रांत आला. ते दुःख खरं होतं आणि त्यानंतर पुष्कळ माणसं तळमळीने इथे कामाला आली. पण तेव्हापासून बाहेरचा माणूस इथे आला की त्याची नजर आधी पोरांच्या पोटाकडे आणि फाटक्या कपड्यांकडे जाते, हेही खरं. बिस्किटांचे पुडे वाटणं, पोरांना रांगेत उभं करून फोटो काढणं, घरातले जुने कपडे आणून देणं, यातलं काहीही तुमच्या मंडळाने करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी लोकांचे पाडे आहेत. यांचं स्वतःचं राज्य इथे होतं, मुकणे घराण्याचं जव्हार संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. मोखाड्याचा बोहाडा, तो मुखवट्यांचा उत्सव, बघायला लांबून माणसं येतात. वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचा गौरव संगीत नाटक अकादमीने केला. रात्री शेकोटीला ‘आम्हाला नाच दाखवा’ असं कुणाला म्हणू नका. नाचाचे त्यांचे दिवस आहेत, त्यांची कारणं आहेत. त्या दिवसांत बोलावणं आलं तर जा आणि फेरात हात धरून नाचा.

मुक्कामाचं महत्त्वाचं. शाळेच्या ओसरीवर किंवा देवळात खाली झोपणार असाल तर मच्छरदाण्या आणा आणि कडा अंथरुणाखाली नीट खोचा. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही दिसत नाही, म्हणून माणूस पुन्हा झोपतो आणि तिथेच घात होतो. रात्री कुणी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलता येत नाही असं सांगू लागलं तर वाट बघू नका, मंत्रतंत्र नको, चिरा देऊ नका, सरळ गाडी काढा. जव्हारला उपजिल्हा रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. ज्या पाड्यावर मुक्काम आहे तिथे मोबाइलला रेंज कुठल्या टेकाडावर मिळते आणि रात्री गाडी कुणाकडे असते, या दोन गोष्टी दिवसाउजेडी विचारून ठेव. चालताना तू सगळ्यांत मागे राहा. पुढे वाट दाखवणारा असतोच. थकलेल्याला मात्र मागे कुणीतरी आहे हे ठाऊक असावं लागतं.

तेव्हा आता असं कर. जुलैत पंचवीस जणांना आणायचं रद्द कर. तू आणि आणखी दोघी-तिघी आवणीला या, माझ्याकडेच उतरा. मी दोन पाड्यांवर बोलून ठेवते, दोन्ही बघा, मग कुठला धरायचा ते तुम्ही आणि गावाने मिळून ठरवा. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडू, दोन ऑक्टोबरला जागा पक्की करू, आणि दिवाळीची भाऊबीज झाली की सगळे या. तोवर मुलुंड-भांडुपला जिथे जिथे बांधकामं चालू आहेत तिथून रिकाम्या गोण्या मागून आणायला लागा. पाचशे तरी हव्यात. झटकून घ्या, नाका-तोंडाला फडकं बांधून, कारण सिमेंटची धूळ वाईट. फाटक्या वेगळ्या काढा, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधा आणि पावसात भिजणार नाहीत अशा जागी ठेवा. सुतळी तिकडूनच आणा, दाभणं मी इथल्या बाजारातून घेऊन ठेवते. कितीजणांना शिवता येतं ते विचारून मला कळव, आणि मे महिन्यात परत यायला कोण कोण तयार आहे त्यांची नावं आत्ताच लिहून घे.

आईला नमस्कार सांग. गुडघ्याला तेल लावतेस का, असं विचारलंय म्हणावं.

तुझी,
मावशी